डिझेल ठेवू, विकू की इलेक्ट्रिक घेऊ? आधी तुमचं रनिंग बघू

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहता. २०१७ ची बीएस-४ (म्हणजे भारत स्टेज-४ या प्रदूषणाच्या नियमातली) स्विफ्ट डिझेल आहे, ७४ हजार किलोमीटर झालेली. ऑफिस ९ किलोमीटरवर. वर्षातून चार-पाच वेळा रत्नागिरीजवळच्या गावी जाता. धाकट्या भावाकडे बीएस-६ डिझेल एसयूव्ही आहे, तिचा डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडकवणाऱ्या जाळीचा, दिवा सारखा पेटतो, आणि एक ट्यूनर त्याला "डीपीएफ काढून रीमॅप मारू" (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलू) असं सांगतोय. घरी वडिलांची २००० सालची एस्टीम आहे, तिच्यावर तुमचा जीव आहे. तुमच्या गाडीवेड्या मित्रांचं मत असं की प्रदूषणाच्या नियमांनी आणि ईव्हीने गाडी चालवण्यातली मजाच संपवली. म्हणून विचारता: स्विफ्ट विकू का, ईव्ही घेऊ का, की बंद व्हायच्या आत आणखी एक जुनी डिझेल घेऊन ठेवू?

मी पुण्यात २७ वर्षं गॅरेज चालवतोय. एस्टीमपासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या मित्रांच्या मताचं उत्तर तुमच्याच पार्किंगमध्ये उभं आहे.

एस्टीम आली तेव्हा कार्बोरेटरवर होती आणि साधारण ६५ बीएचपी द्यायची. तुमच्या वडिलांची एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी आहे, ती ८५ देते. मधल्या काळात काय झालं? १९९९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी आदेश दिला: १ जून १९९९ पासून युरो-१ ही प्रदूषणाची मर्यादा आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२. त्या मर्यादेत कार्बोरेटर बसवणं अवघडच होतं. कंपन्यांना इंजेक्शन, ऑक्सिजन सेन्सर, इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणावं लागलं, एस्टीमला त्याबरोबर १६ व्हॉल्व्हचं हेडही मिळालं. रॅलीवाल्यांनी ज्या एस्टीमवर प्रेम केलं, ती गाडी प्रदूषणाच्या नियमांमुळेच घडली. मला आठवतं, तेव्हाही आमच्या लाइनीतले जुने मेकॅनिक म्हणायचे, "आता संपलं, कार्बोरेटरची मजा इंजेक्शनला नाही." थंडीत सकाळी चोक ओढून दहा मिनिटं गाडी गरम करणं ज्यांनी केलंय, त्यांना ती मजा किती होती ते माहीत आहे.

डिझेलचीही तीच गोष्ट. जुन्या इनडायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत दीड लिटरच्या इंजिनातून साठच्या आत बीएचपी निघायचे, वर काळा धूर. तुमच्या स्विफ्टमधलं फियाटचं १.३ मल्टिजेट त्याहून लहान आहे, तरी ७५ देतं आणि गिअर न बदलता चढ चढतं. कॉमन रेल (एकाच नळीतून जोरदार दाबाने डिझेल फवारायची पद्धत) आलं त्याला ॲव्हरेज आणि पिकअप ही कारणं होतीच, पण धुराची मर्यादा हेही मोठं कारण होतं. त्यामुळे नियम आले की इंजिन मरतं हे मला पटत नाही. माझ्या डोळ्यासमोर बऱ्याचदा उलटंच झालं.

आणि नियम कशासाठी होते तेही सांगतो. २००० च्या आसपास पुण्यात सहा आसनी टमटम धावायच्या. स्वारगेटला स्कूटरवर सिग्नलला थांबलो की पुढच्या टमटमचा धूर थेट तोंडावर. घरी जाऊन तोंड पुसलं की रुमाल काळा. गॅरेजच्या पिटमध्ये डिझेल गाडी रेस करून बघायची वेळ आली की आम्ही श्वास रोखून धरायचो. माझ्याबरोबर शिकलेला एक जण आज दम्याच्या पंपाशिवाय बाहेर पडत नाही. त्याचं कारण धूरच होता असं मी छातीठोक म्हणणार नाही, मी डॉक्टर नाही. पण आज माझ्याकडे अठरा-वीस वर्षांची पोरं कामाला आहेत आणि बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये पांढरं फडकं घातलं तर ते जवळजवळ पांढरंच निघतं. त्या फडक्याकडे बघून मला मनापासून बरं वाटतं.

आकडेही बघा. डिझेल कारला बीएस-४ मध्ये नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ती ८० झाली. काजळीचे कण २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आले. पेट्रोलचा फरक त्यामानाने कमी आहे, नायट्रोजन ऑक्साइड ८० वरून ६०. म्हणजे बीएस-६ चा खरा बोजा डिझेलवर पडला. इंधनातलं गंधकही ५० पीपीएमवरून १० वर आणावं लागलं, कारण गंधक जास्त असेल तर सायलेन्सरमधला कॅटॅलिस्ट खराब होतो. म्हणून १ एप्रिल २०२० पासून गाडी आणि इंधन दोन्ही देशभर बीएस-६ झालं, आणि बीएस-५ ही पायरी आपण गाळलीच.

यात गाडीवेड्यांचं काही गेलं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. गेलं, आणि मलाही त्याचं वाईट वाटतं. २०२० मध्ये मारुतीने डिझेल बंद केलं. फोक्सवॅगन-स्कोडानेही इथली डिझेल इंजिनं बंद केली. चाकणला बनणाऱ्या पोलोचं १.५ टीडीआय ज्याने खंबाटकीत तिसऱ्या गिअरमध्ये ओढलंय, तो ते विसरणार नाही. लहान गाडीत डीपीएफ, नायट्रोजन ऑक्साइड पकडणारा ट्रॅप, जादा सेन्सर बसवायचे तर किंमत एवढी वाढते की सात-आठ लाखांच्या हॅचबॅकला ते परवडत नाही. मोठ्या एसयूव्हीत तो खर्च जिरतो, म्हणून डिझेल तिथे टिकलं. पण तुमचे मित्र नियमांच्या नावाने ज्या इतर तक्रारी करतात, त्यातल्या बऱ्याचशा प्रदूषणाच्या नियमांमुळे नाहीतच. गाड्या जड झाल्या, कारण अपघात चाचणीचे नियम आले आणि लोकांना उंच एसयूव्ही हवी झाली. इंजिनं १२०० सीसीच्या आत कोंबली गेली, कारण २००६ पासून चार मीटरच्या आतली गाडी आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन यांना करात सवलत मिळाली. मॅन्युअल गिअर कमी झाला, कारण पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय दुखतो. सगळा राग बीएस-६ वर काढू नका.

आता भावाच्या गाडीबद्दल. हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्याकडे आठवड्याला एक तरी अशी गाडी येते आणि दर वेळी मालकाला वाटतं की गाडीत दोष आहे.

गेल्या वर्षी एक डॉक्टर बीएस-६ डिझेल एसयूव्ही घेऊन आले. घर ते दवाखाना तीन किलोमीटर. दिवसातून चार फेऱ्या. तक्रार: डीपीएफचा दिवा, पिकअप नाही, ॲव्हरेज ८. मी आधी डिपस्टिक काढली. ऑइल 'मॅक्स'च्या खुणेच्या बोटभर वर होतं. बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ, आणि नाकाजवळ नेलं तर डिझेलचा वास. डॉक्टरांनी मला विचारलं, "ऑइल वाढतं कसं?"

ते असं. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत बसवलेली सिरॅमिकची जाळी. धुरातली काजळी तिच्यात अडकते. जाळी भरत आली की ती काजळी जाळावी लागते, आणि त्यासाठी आत ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. हायवेला लांब पल्ल्यावर ते बऱ्याच अंशी आपोआप होतं. शहरात होत नाही, म्हणून इसीयू स्वतः प्रयत्न करतो: पॉवर स्ट्रोक संपत आल्यावर थोडं जादा डिझेल सोडतो, ते पुढे जाऊन जळतं आणि जाळी तापते. याला रिजनरेशन म्हणतात, आणि त्याला सलग पंधरा-वीस मिनिटं लागतात. डॉक्टर सात मिनिटांत दवाखान्यात पोचून गाडी बंद करायचे. रिजनरेशन अर्धवट राहायचं. पुढच्या फेरीला पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. जे जादा डिझेल जळायचं राहिलं, ते सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरलं. असं पातळ ऑइल टर्बोच्या बेअरिंगला संपवतं. दिवा पेटला तो नशीब, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत टर्बो गेला असता.

आम्ही ऑइल-फिल्टर बदलला, स्कॅनर लावून फोर्स्ड रिजनरेशन केलं, आणि डॉक्टरांना सांगितलं की दर रविवारी गाडी हायवेला काढा, चौथ्या गिअरमध्ये २००० च्या वर आरपीएम ठेवून पंचवीस मिनिटं चालवा. सहा महिने झाले, दिवा पेटलेला नाही. त्या गाडीत काहीच बिघाड नव्हता. तीन किलोमीटरच्या फेरीसाठी त्यांनी डिझेल घ्यायलाच नको होतं, आणि विकताना हे त्यांना शोरूममध्ये कुणी सांगितलं नव्हतं. याचा मला खरोखर राग येतो. दहा प्रश्नांचा फॉर्म भरून घेतात, कर्ज हवं का विचारतात, पण "रोजचं रनिंग किती?" हा एक प्रश्न विचारत नाहीत.

तेव्हा भावाला सांगा, आधी तीन गोष्टी तपासून घे. ऑइल कुठलं घातलंय? डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं, सी ग्रेडचं ऑइल लागतं. बाहेरच्या गॅरेजात स्वस्तातलं साधं डिझेल ऑइल घातलं असेल तर त्याची राख जाळीत बसते. काजळी जळते, राख जळत नाही, हे लक्षात ठेवा. दुसरं, डीपीएफच्या मागे-पुढे दाब मोजणारा सेन्सर आणि त्याच्या दोन बारीक रबरी नळ्या. नळी तडकली की सेन्सर खोटं सांगतो आणि चांगली जाळीही भरलेली दिसते. तिसरं, इंजेक्टर गळतोय का. हे तिन्ही ठीक असेल तर रविवारची हायवे फेरी हेच औषध. आणि रिजनरेशन चालू असताना, म्हणजे आयडलिंग वाढलंय, पंखा जोरात फिरतोय, गरम वास येतोय, अशा वेळी गाडी बंद करायची नाही. पाच मिनिटं जास्त चालवायची.

डीपीएफ काढायचा विचार मात्र डोक्यातून काढून टाकायला सांगा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. वॉरंटी जाते. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण मिळतं. ट्यूनर म्हणेल, "पीयूसीत कळत नाही." खरं आहे, बऱ्याचदा कळत नाही. डिझेलच्या पीयूसीत रेस देऊन धुराचा दाटपणा बघतात. नायट्रोजन ऑक्साइड तिथे मोजतच नाहीत, आणि सूक्ष्म कण मोजण्याइतकं ते यंत्र नाजूक नाही. ही पीयूसीची मोठी उणीव आहे, आणि ती दुरुस्त व्हायला हवी असं मी दर वेळी बोलतो. पण मशीन पकडत नाही म्हणून मागच्या रिक्षात बसलेल्या मुलाच्या छातीत ते कण जायचे थांबत नाहीत. माझ्याकडे ही कामं विचारायला लोक येतात, चांगले पैसे देतात. मी करत नाही.

कागदावरचा आकडा आणि रस्त्यावरचा धूर यातल्या अंतराचा मुद्दा आलाच आहे, तर हेही सांगतो. आपल्याकडे गाडीची चाचणी रोलरवर, एका ठरलेल्या वीसेक मिनिटांच्या सायकलवर होत आली. त्यात वेग ९० च्या वर जात नाही. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत फोक्सवॅगन पकडली गेली, कारण गाडीचं सॉफ्टवेअर चाचणी ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं स्वच्छ चालायचं. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत निघत होता. भारतातही ३ लाखांवर गाड्या परत बोलावायची घोषणा झाली. त्यानंतर अनेक देशांत रस्त्यावरची चाचणी आली आणि आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात ती लागू झाली. मागच्या बंपरला यंत्र लटकवून खऱ्या ट्रॅफिकमध्ये, खऱ्या चढावर मोजमाप. गाडीवेड्यांनी या नियमाचं स्वागत करायला हवं होतं. आपण नेहमी म्हणतो ना की कंपनीचे आकडे खोटे असतात?

तुमच्या स्विफ्टवर येतो. विकू नका.

७४ हजार म्हणजे त्या इंजिनाचं अर्धंही आयुष्य झालेलं नाही. माझ्याकडे अडीच लाखांच्या पुढच्या गाड्या येतात, हेड कधी न उघडलेल्या. डिझेलला १० वर्षं आणि पेट्रोलला १५ हा नियम दिल्ली परिसराचा आहे, महाराष्ट्राचा नाही. इथे तुमचं पासिंग १५ वर्षांचं, म्हणजे २०३२ पर्यंत. त्यानंतर फिटनेस करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निरोपांना घाबरून दोन-अडीच लाखांत गाडी देऊन टाकलेले लोक मी पाहिलेत. त्यांच्याच गाड्या पुढे एजंट चार लाखांत विकतो.

मात्र ९ किलोमीटरच्या ऑफिसचा तिलाही त्रास आहे. तुमच्या गाडीला डीपीएफ नाही, पण ईजीआर व्हॉल्व्ह आहे. थोडा धूर परत इंजिनात सोडून आतली उष्णता आणि त्याबरोबर नायट्रोजन ऑक्साइड कमी करायचा, हे त्याचं काम. सतत थंड इंजिनवर चाललं की तो चोकअप होतो. परवाच एक उघडला: आतली वाट अंगठ्याएवढी असायला हवी, ती करंगळीही जाणार नाही इतकी राहिली होती. कडेने बूट पॉलिशसारखा काळा चिकट थर, स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून वाटीभर निघाला. गाडी कमी आरपीएमला गचके खायला लागली, उचलताना काळा धूर सोडायला लागली की समजा वेळ झाली. काढून साफ करा, बंद करून ब्लँकिंग प्लेट मारू नका. सकाळी स्टार्ट करताना दोन-तीन सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज येत असेल तर टायमिंग चेन दाखवून घ्या. या इंजिनात ऑइल वेळेवर न बदलल्याची ती पहिली खूण असते.

आणखी एक जुनी डिझेल घेऊन ठेवायचा विचार मला पटत नाही. उभी ठेवलेली डिझेल बिघडतेच. टाकीत पाणी जमतं, इंजेक्टर अडकतात, रबर कडक होतं. गाडीला जपायचं असेल तर तिला चालवायला हवं, आणि तुमच्याकडे दोन जुन्या गाड्या चालवण्याएवढं रनिंग नाही.

ईव्हीचं तुमच्या बाबतीत उत्तर तुमच्या पार्किंगवर अवलंबून आहे. रोजचं येणं-जाणं १८, बाकी कामं धरून २५ किलोमीटर. ईव्ही साधारण ६ किलोमीटर जाते एका युनिटला, म्हणजे रोज चार-साडेचार युनिट. साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवरसुद्धा दीड तासाचं काम. मोठा वॉल चार्जर हवा, असं शोरूमवाले सांगतात, तुम्हाला त्याची गरज नाही. गरज आहे ती तुमच्या स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत स्वतंत्र केबलची, चांगल्या अर्थिंगची आणि सोसायटीच्या परवानगीची. केबल टाकण्याआधी कुणाच्या भिंतीवरून जाणार ते मीटिंगमध्ये लेखी ठरवून घ्या.

वायरिंगबद्दल आग्रहाने सांगतो. घरातला १५ अँपिअरचा सॉकेट गीझरसाठी असतो, गीझर वीस मिनिटांत बंद होतो. ईव्ही तेवढाच करंट तासन् तास ओढते. माझ्या एका गिऱ्हाइकाने पार्किंगमध्ये जुन्या सॉकेटवर गाडी लावली होती. तिसऱ्या आठवड्यात प्लग निघेना. मी बघायला गेलो तर पिनेभोवतीचं प्लास्टिक वितळून सॉकेटला चिकटलेलं, भिंतीचा रंग तपकिरी पडलेला. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, निळा इंडस्ट्रियल सॉकेट, स्वतःचा एमसीबी आणि आरसीसीबी (लोड वाढला किंवा वीज गळली की लाइन तोडणारे स्विच). चार-पाच हजार जास्त जातील, पण यात काटकसर करायची नाही. एक्स्टेन्शन बोर्ड तर नाहीच.

खर्चाचं गणित सोपं आहे. घरचं युनिट १०-१२ रुपये धरलं तरी किलोमीटरला साधारण दोन रुपये. पेट्रोल गाडी शहरात १४ देत असेल तर किलोमीटरला सात रुपयांच्या वर. हायवेच्या फास्ट चार्जरवर युनिट २० च्या वर जातं, तिथे साडेतीन-चार रुपये पडतात. महावितरणच्या घरगुती बिलात महिन्याला सव्वाशे युनिट वाढले की वरचा स्लॅब लागतो. चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेता येतं, त्याची चौकशी करा. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे. तुमच्या रत्नागिरीच्या वाटेवर यातलं काहीच लागत नाही, तेव्हा ते गणितात धरू नका.

मित्र म्हणतात, "वीज तर कोळशाचीच." हा मुद्दा बरोबर आहे, उडवून लावू नका. आपल्या राज्यात चंद्रपूरचं एकट्याचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं आहे. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. चार्जिंगमधली गळती धरून ईव्हीचे किलोमीटरला १२०-१३० ग्रॅम होतात. १४ चं ॲव्हरेज देणारी पेट्रोल गाडी नुसत्या सायलेन्सरमधून १६५ सोडते, तुमची डिझेल १८ देत असेल तर १५० च्या आसपास. फरक आहे, पण शून्य आणि शंभराचा नाही. सोसायटीच्या गच्चीवर सोलर असेल तर तो वाढतो. शहराच्या हवेचा हिशोब मात्र वेगळा: सिग्नलला उभ्या ईव्हीच्या मागे स्कूटरवर बसलेल्या माणसाच्या तोंडावर धूर येत नाही. स्वारगेटचा तो रुमाल मी विसरलेलो नाही, म्हणून माझ्या लेखी याचं वजन मोठं आहे.

चालवायला ईव्ही कशी वाटते? तुम्ही गाडीवेडे आहात म्हणून खरं सांगतो. पहिल्या सिग्नलला पाय दाबलात की टॉर्क जो येतो, तो तुमच्या स्विफ्टच्या टर्बो लॅगनंतर (पाय दाबल्यावर ओढ यायला लागणाऱ्या वेळानंतर) अंगावर येतो. बॅटरी खाली असल्याने वळणात गाडी कमी झुकते. कुंभार्ली घाट उतरताना मला सगळ्यात आवडलं: रिजन (ईव्हीतलं, म्हणजे मोटरच गाडी हळू करून बॅटरीत वीज परत भरते ते) वाढवून ठेवलं की ब्रेकवर पाय जवळजवळ जात नाही, ब्रेकचा जळका वास नाही, आणि खाली चिपळूणला पोचेपर्यंत बॅटरी एखादा टक्का वाढलेली. पण वजन जाणवतं. तुमची एस्टीम ९०० किलोच्या आसपासची. आजची बेताची ईव्ही १४००-१५०० किलोची, आणि खड्ड्यात, अचानक दिशा बदलताना ते लपत नाही. टायर लवकर झिजतात. गिअर नाही, आवाज नाही, आणि त्याची भरपाई स्पीकरमधून येणाऱ्या खोट्या आवाजाने होत नाही.

रत्नागिरीचं म्हणाल तर जाहिरातीतल्या रेंजच्या ६५ ते ७५ टक्के धरा, एसी आणि हायवे वेगाला. ३०० किलोमीटरच्या पुढचा प्रवास, वाटेत एकदा चार्जिंग. सातारा-कराड पट्ट्यात सोय आहे, घाट उतरल्यावर कमी होत जाते, आणि गणपतीत रांग लागते. म्हणून माझा सल्ला असा: पार्किंगची आणि वायरिंगची सोय होत असेल तर घरात दुसरी गाडी म्हणून लहान ईव्ही घ्या, ती रोज ऑफिसला न्या, आणि स्विफ्ट गावाला आणि आठवड्यातून एकदा हायवेला काढा. तिचा ईजीआरही त्याने मोकळा राहील. सोय होत नसेल तर फक्त पब्लिक चार्जरच्या भरवशावर ईव्ही घेऊ नका, त्यापेक्षा आहे तीच गाडी चालवा. एकच गाडी ठेवायची असेल तर स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली, बाहेरून चार्ज न करावी लागणारी) बघा, ट्रॅफिकमध्ये तिच्यासारखी दुसरी नाही. सीएनजीत डिकी जाते आणि पंपावरची रांग तुम्हाला माहीत आहेच.

बॅटरीची भीती थोडी कमी करा. बऱ्याच कंपन्या निदान ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल आहेत, ते उष्णता बऱ्यापैकी सोसतात. आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा १०० टक्के करा, म्हणजे टक्क्यांचा आकडा खरा राहतो. माझ्याकडे टो होऊन आलेल्या ईव्हीत मोठी बॅटरी बिघडलेली क्वचित असते. बहुतेक वेळा साधी १२ व्होल्टची बॅटरी बसलेली असते, आणि तिच्यामुळे दरवाजाही उघडत नाही. माझ्या दोन पोरांना मी हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घ्यायला पाठवलं. रबरी हातमोजे घालून, सर्व्हिस प्लग काढून, मीटरने शून्य बघितल्याशिवाय नारिंगी वायरला हात लावायचा नाही, हे ते आता मला शिकवतात. क्लच प्लेट आणि ऑइल बदलण्याची कामं कमी होणार आहेत आणि ती पोरं या धंद्यात टिकावीत ही माझी मोठी काळजी आहे.

आता राहिली एस्टीम. तिला धोका ईव्हीचा नाही, पेट्रोलचा आहे. पंपावर आता ई-२० येतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज सहा-सात टक्के घटलं तर इंजिनात दोष शोधत बसू नका. आपल्या ऊस पट्ट्यातल्या कारखान्यांना या इथेनॉलचा आधार झाला, हेही तितकंच खरं आहे. पण २००० सालच्या गाडीतलं रबर त्याच्यासाठी बनलेलं नाही, आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं. तेव्हा या महिन्यात एवढं करा: टाकीपासून इंजेक्टरच्या रेलपर्यंतच्या सगळ्या रबरी पेट्रोल नळ्या इथेनॉल चालणाऱ्या नळ्यांनी बदला, इंजेक्टरच्या ओ-रिंगसकट. पेट्रोल फिल्टर नवा टाका आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा बदला, कारण इथेनॉल टाकीतला जुना गाळ सुटा करून पुढे आणतं. टाकी अर्धी भरून महिनोन् महिने उभी ठेवू नका. एकतर थोडंच पेट्रोल ठेवून दर पंधरवड्याला वीस किलोमीटर चालवा, नाहीतर लांब उभी ठेवायची असेल तर काठोकाठ भरा, म्हणजे आत ओलसर हवेला जागा उरत नाही. तिच्या नोंदणीची मुदतही आजच आरसी बुकात बघा. १५ वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५००० झाली, आणि २० वर्षांच्या वरच्यांना २०२५ पासून १० हजार आहे. मुदत उलटून गेली तर दंड वेगळा लागतो. नळ्या काढाल तेव्हा जुन्या फेकू नका, दोन बोटांत धरून वाकवून बघा. बारीक तडे दिसले तर रिटर्न लाइनही (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) उघडा, ती टाकीच्या वर दडलेली असते आणि तिथली गळती वासाशिवाय कळत नाही.